तापमानाच्या आधी पाणी ओळख

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर कॉकोलिथोफोरच्या (अंगावर चुन्याच्या चकत्यांचं कवच असलेल्या, समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशी सूक्ष्म शैवालाच्या) प्रजातींची संख्या, आणि मधून एक सरळ रेषा. गणित बरोबर आहे, पण एवढ्यावर निष्कर्ष लिहू नकोस. ते कोमट पाणी आलं कुठून, वाटेत कशात मिसळलं, पृष्ठभागाखाली किती काळ राहिलं, हे आधी शोध. हे जीव पाण्याबरोबर वाहतात. तापमान ही त्या पाण्याची एक खूण झाली, सगळं चरित्र नव्हे.

काळा समुद्र आणि बाल्टिक घे. दोन्हींचं पाणी खुल्या महासागराच्या मानाने बरंच गोडसर. काळ्या समुद्राच्या पृष्ठभागाची क्षारता दरहजारी 17-18, मध्य बाल्टिकची साधारण 6 ते 8. काळ्या समुद्रात उन्हाळ्याच्या सुरुवातीला एमिलियानिया हक्सलेयी ही कॉकोलिथोफोर प्रजाती इतकी फोफावते, की पाण्याचा दुधाळ निळा रंग उपग्रहातून दिसतो. बाल्टिकच्या आतल्या भागात मात्र ती नाही. क्षारतेकडे बोट दाखवून मोकळं होणं सोपं होतं. पण 2008 साली समुद्रशास्त्रज्ञ टॉबी टिरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बोनेटचं रसायन तपासलं. बाल्टिकमध्ये हिवाळ्यात कॅल्साइटची, म्हणजे चकत्या ज्याच्या बनतात त्या चुनखनिजाची, संपृक्तता इतकी खाली जाते, की कवचाच्या चकत्या टिकणंच अवघड व्हावं; काळ्या समुद्रात ती वर्षभर भरपूर असते. एमिलियानियाच्या अनुपस्थितीचं हे कारण त्यांनी सुचवलं, आणि मला ते पटतं. आता याच्याही मागे जा. उत्तर बाल्टिकला मिळणाऱ्या कित्येक नद्या ग्रॅनाइटच्या प्रदेशातून येतात, त्यांच्या पाण्यात अल्कधर्मीयता (आम्ल शमवणारी, कॅल्साइट टिकायला मदत करणारी क्षमता) कमी. म्हणजे किनाऱ्यापासून दूर, आत कुठेतरी असलेला खडक समुद्रात कोण जगेल यात हात घालतो! या विषयाचं मला वेड लागलं ते अशाच गोष्टींमुळे.

तुझ्या तक्त्यात खोलीचा रकानाच नाही, ही मला सर्वांत मोठी उणीव वाटते. उपोष्ण महासागरात वरच्या उबदार, पोषकद्रव्यं संपलेल्या थरात अंबेलोस्फेरा आणि डिस्कोस्फेरा हे कॉकोलिथोफोर असतात. त्याच ठिकाणी शंभरेक मीटर खाली गेलीस, तर प्रकाश जेमतेम उरलेला असतो, पण खालून नायट्रेट पोचू लागलेलं असतं. तिथे फ्लोरिस्फेरा प्रोफंडा या प्रजातीचं राज्य. एकाच जागचे हे दोन थर एकमेकांपासून इतके वेगळे, की वरच्या थरातला नमुना हजारो किलोमीटरवरच्या वरच्या थराशी जास्त जुळतो. पोषकद्रव्यांचा थर वर-खाली झाला की समुद्रतळाच्या गाळातलं फ्लोरिस्फेराचं प्रमाणही बदलतं. म्हणून तर जुन्या समुद्रांचा अभ्यास करणारे तिच्यावर इतके विसंबतात.

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरात वेगवेगळ्या पाण्यांमधल्या सीमा आणखी स्पष्ट आहेत. उपअंटार्क्टिक सीमेकडून ध्रुवीय सीमेकडे जाताना प्रजाती झपाट्याने गळतात आणि त्यापलीकडे बहुतेक एमिलियानियाच उरते, तीही कमी कॅल्साइट असलेल्या नाजूक चकत्यांच्या रूपात. नाव एकच, पण उत्तरेचं आणि दक्षिणेचं रूप निराळं. म्हणून नुसती प्रजाती नोंदवू नकोस, रूपही नोंदव.

होलोकॉकोलिथ (बारीक, एकसारख्या स्फटिकांच्या चकत्या) असलेल्या पेशी वेगळ्या मोज. पुष्कळ प्रजातींत ती एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) अवस्था असते आणि स्थिर, पोषकद्रव्यं कमी असलेल्या वरच्या पाण्यात ती अधिक दिसते. दोन अवस्था दोन प्रजाती म्हणून मोजल्यास, तर विविधतेचा आकडा फुगेल.

सुट्या चकत्या आणि अखंड पेशी यांचे रकानेही वेगळे ठेव. सुटी चकती दुसऱ्या पाण्यातून वाहत आलेली असू शकते. अखंड कवच दिसलं, तर तो जीव जवळच जगला असण्याची शक्यता बरीच जास्त.

नमुन्यांची काळजी थोडक्यात: आम्लयुक्त लुगॉल (नमुने टिकवायचं आयोडीनचं द्रावण) वापरू नकोस, चकत्या विरघळतील. फॉर्मॅलिनही काळाबरोबर आम्ल होतं. शक्य तितक्या लवकर पाणी गाळून घे आणि थोडं अमोनिया घालून किंचित अल्कधर्मी केलेल्या शुद्ध पाण्याने गाळणी हलकेच धू, नाहीतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मिठाचे स्फटिकच दिसतील. मग गाळणी वाळवून बंद डबीत ठेव.

आता सीटीडीची (क्षारता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणाची) नोंद उघड. प्रत्येक नमुन्याचा तापमान-क्षारता आलेखावर एक बिंदू मांड. प्रजातींची नावं आधी घालू नकोस. बिंदूंचे पुंजके कुठे पडतात ते पाहून कोणती जलराशी (एकसारख्या गुणधर्मांचं पाणी) कोणती हे ठरव, दोन पुंजक्यांच्या मधले मिश्रणाचे बिंदूही खुणेने दाखव. नायट्रेट आणि अल्कधर्मीयता शेजारी लिही. हे झाल्यावरच प्रजातींचे रंग भर आणि तो आलेख मला पाठव. रेषेबद्दल आपण त्यानंतर बोलू.

तुझा,
सर