आठवारीवरची जकात

प्रश्न : ताई, आम्ही ऑन्टॅरिओत हॅमिल्टनजवळ राहतो. आमचा मुलगा विद्यापीठाच्या पाइप बँडमध्ये बॅगपाइप वाजवतो. गेल्या वर्षी सरावासाठी ७० पौंडांचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा निऱ्यांचा घागरा, मागवला. वेबसाइटवर पत्ता इंग्लंडचा आणि ‘फ्री शिपिंग’ असं ठळक लिहिलेलं. कुरिअरवाल्याने दारात ७४ डॉलर मागितले. मग स्कॉटलंडहून मोजे आणि पट्टा पोस्टाने मागवला, त्याला एक सेंट लागला नाही. आता बँडच्या टार्टनचा (ठरलेल्या चौकटींच्या कापडाचा) खरा, आठ यार्डांचा लोकरी किल्ट शिवून घेतला. ५०० पौंड आधीच भरले होते, वर ३४५ डॉलरचं बिल आलं. न्यू जर्सीतली माझी भाची म्हणते, त्यांच्याकडे ८०० डॉलरपर्यंत काही लागत नाही. हे पैसे नेमके कशाचे? पुढच्या वेळी पार्सलवर ‘गिफ्ट’ लिहून घेऊ का? बिलांचे फोटो सोबत पाठवते आहे. आणि मुलगा ऑगस्टमध्ये ग्लासगोला पाइप बँडच्या जागतिक स्पर्धेला गेला, तर दुसरा किल्ट तिथूनच आणू दे का?
— एक आई

उत्तर : फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत. निम्मी पत्रं ‘कस्टमवाल्यांनी लुटलं’ एवढ्यावरच थांबतात आणि मी अंदाजाने तीर मारत बसते.

मुंबईत बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग एजंटकडे मी अकरा वर्षं बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे कस्टमचे कागद) भरल्या. आता मिसिसॉगात एका कस्टम्स ब्रोकरकडे तेच करते. एवढ्या वर्षांत एक सवय अंगवळणी पडली आहे : किंमत शेवटी बघायची, आधी माल कुठे बनला ते शोधायचं. कुठून पाठवला ते नाही, कुठे बनला ते. तुमची दोन्ही बिलं इथेच फिरली आहेत.

आधी सत्तर पौंडांचा किल्ट घेऊ. इन्व्हॉइसच्या तळाला, आपण सहसा वाचत नाही त्या ओळीत, ‘ओरिजिन : पीके’ आहे. म्हणजे पाकिस्तान. बहुतेक सियालकोट. तिथे बॅगपाइप आणि किल्ट बनवण्याचा धंदा फार जुना आहे आणि जगभरच्या स्वस्त किल्टचा मोठा वाटा तिथूनच येतो. मालाला नावं ठेवत नाही मी, सरावाला तो उत्तम. पण इंग्लंडच्या गोदामात चार महिने पडून राहिला म्हणून तो काही इंग्लंडचा होत नाही. त्यामुळे कपड्यांवरचा पूर्ण दर, १८ टक्के लागला. पौंडाचा भाव १.८० धरून मी मांडून पाहिलं : ७० पौंड म्हणजे १२६ डॉलर. त्यावर ड्युटी २२.६८. या दोन्हींच्या बेरजेवर १३ टक्के एचएसटी, म्हणजे इथला विक्रीकर, १९.३३. झाले ४२. उरलेले ३२ सरकारचे नव्हेतच, ती कुरिअर कंपनीची फी आहे : तुमच्या वतीने कागद भरले, पैसे आगाऊ भरले, म्हणून. यातला एकही आकडा चुकीचा नाही. खटकतं ते एवढंच, की त्यातला एकही तुम्हाला आधी कोणी सांगितला नव्हता.

‘फ्री शिपिंग’चीही एक गंमत आहे. कॅनडात ड्युटी मालाच्या किमतीवर लागते. परदेशातून इथवरचं भाडं इन्व्हॉइसवर वेगळं दाखवलेलं असेल तर ते धरत नाहीत. (भारतात उलट, तिथे भाडं आणि विमा मिळवून मग टक्के लावतात. इथे आल्यावर हे डोक्यातून काढायला मला वर्ष लागलं.) भाडं ‘फुकट’ म्हणून किमतीत कालवलं, की त्या भाड्यावरही तुम्ही ड्युटी भरता, आणि ड्युटीवर एचएसटी. तेव्हा विक्रेत्याला सांगा, बाबा रे, पोस्टेज घे, पण वेगळ्या ओळीत लिही.

मोजे आणि पट्टा फुकट आले ते नशीब. कॅनडात टपालाने येणाऱ्या मालाला सूट फक्त २० डॉलरपर्यंत आहे, मोजे त्याहून महागच असणार. टपालाच्या ढिगातून सगळीच पाकिटं काही थांबवत नाहीत. तो नियम समजू नका.

आता खरा किल्ट. याचा फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला आणि मला हळहळ वाटली. कापड स्कॉटलंडमध्ये विणलेलं, शिवण स्कॉटलंडमधली, आणि इन्व्हॉइसवर बनल्याच्या देशाचा रकाना कोरा! ब्रिटन आणि कॅनडाचा व्यापार करार १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. तिथेच विणलेल्या आणि तिथेच शिवलेल्या किल्टवर त्यानुसार ड्युटी शून्य. रकाना कोरा दिसल्यावर कुरिअरच्या कारकुनाने डोळे मिटून १८ टक्के लावले. ५०० पौंड म्हणजे ९०० डॉलर, ड्युटी १६२, एचएसटी १३८.०६, वर फी ४५. करार लावला असता तर फक्त एचएसटीचे ११७ लागले असते. म्हणजे १८३ डॉलर तुम्ही जास्त भरलेत, तेही एका ओळीपायी.

ते परत मिळू शकतात. विक्रेत्याकडून नवं इन्व्हॉइस मागवा. त्यावर माल ब्रिटनमध्ये बनल्याचं, करारात ठरलेल्या शब्दांतलं निवेदन आणि सही हवी. सीबीएसएचा, म्हणजे कॅनडाच्या कस्टम खात्याचा, बी-२-जी नावाचा फॉर्म आहे, घरगुती आयातीच्या परताव्याचा. तो, कुरिअरचं बिल आणि नवं इन्व्हॉइस असं एकत्र पाठवा. उशीर करू नका, मुदत असते. कुरिअरची फी मात्र विसरा, ती कोणी परत करत नाही. मागे एका कंपनीने मला पार्सल मिळाल्यावर तीन आठवड्यांनी फीचं बिल धाडलं होतं, बावीस डॉलरचं. चार फोन केले, मग भरून टाकलं. माझा धंदाच हा असून!

जाता जाता धंद्यातली एक गोष्ट सांगते, ऐकाच. टॅरिफच्या पुस्तकात पुरुषांच्या कपड्यांचा ६२०३ क्रमांक आहे : सूट, जॅकेट, ब्लेझर, पँट, शॉर्ट. त्यात स्कर्ट नाही. स्कर्ट आहे ६२०४ मध्ये, बायकांच्या. मग स्कॉटिश पुरुषाने करायचं काय? त्याच प्रकरणाच्या टिपेत लिहिलंय, की समोर डावी बाजू उजवीवर येत असेल तर कपडा पुरुषाचा, उजवी डावीवर असेल तर बाईचा. पुरुषाच्या किल्टची बकलं उजव्या कुशीला असतात, म्हणजे डावी बाजू वर; कपडा पुरुषाचा, पण पुरुषांच्या ६२०३ मध्ये स्कर्टच नाही. त्यामुळे माझ्या मते तो ६२११ मध्ये जातो, ‘इतर कपडे’ म्हणून. पहिल्यांदा असा कागद हातात आला तेव्हा मी अख्खा डबा खायचं विसरून निऱ्या कुठल्या बाजूला पडतात ते बघत बसले होते. निऱ्याच त्या, दुसरं काय! आपली नऊवारी आणि त्यांची आठवारी, फक्त त्यांनी निऱ्या मागे घेऊन शिवून टाकल्या.

त्या निऱ्यांमुळेच भाडंही फुगतं. किल्ट दोन किलोच्या आसपास भरतो, पण एक्सप्रेस कुरिअर खोक्याचं माप घेतं : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायची, जे वजन जास्त येईल त्याचे पैसे. तुमच्या बिलावरचं खोकं ६० × ४० × १५ आहे, म्हणजे ७.२ किलो. पाच किलो हवेचं भाडं दिलंत! निऱ्या कच्च्या टाक्यांनी धरून ठेवल्या असतील तर तोच किल्ट ४० × ३५ × १२ च्या खोक्यात बसतो, ३.३६ किलोत. चांगले शिवणारे तसे टाके घालूनच पाठवतात. मिळाल्यावर ते पांढरे टाके उसवायला मुलाला सांगा, पुष्कळ जण तसेच घालून मिरवतात.

पुढच्या वेळी शक्य तर टपालाने मागवा. टपाल खात्याची हाताळणी फी गेली कित्येक वर्षं ९.९५ डॉलर आहे, खोक्यावर ई-१४ नावाचा कागद चिकटलेला येतो, त्यावर सगळा हिशेब असतो. कुरिअरनेच आलं तर स्वतः क्लिअर करायचा हक्क तुम्हाला आहे : पैसे भरायच्या आधी कंपनीला तसं कळवायचं, कागद घ्यायचे, सीबीएसएच्या कचेरीत जाऊन भरणा करायचा, बी-१५ पावती कंपनीला दाखवायची. पेट्रोल आणि अर्ध्या दिवसाची रजा धरली तर ३२ डॉलरसाठी मी जाणार नाही. ४५ साठी कदाचित.

‘गिफ्ट’ लिहू नका. ती सूट ६० डॉलरपर्यंतच आहे आणि भेट माणसाने माणसाला पाठवायची असते, दुकानाने गिऱ्हाइकाला नव्हे. पैसे तुमच्या कार्डावरून गेलेत. खोटं सापडलं तर किल्टही जाईल.

भाचीला सांगा, तिची माहिती शिळी झाली. अमेरिकेची ८०० डॉलरची सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सगळ्याच देशांच्या पार्सलांसाठी बंद झाली. त्या आठवड्यात कितीतरी देशांच्या टपाल खात्यांनी अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं होतं, भारताच्या टपालानेसुद्धा. तिने भरवशाने मागवलं तर तीही मला पत्र लिहील.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय, की मुलगा ऑगस्टमध्ये ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेला गेला तर दुसरा किल्ट तिथूनच आणू दे का. मलाही आधी वाटलं, हेच स्वस्त. ४८ तासांहून जास्त बाहेर राहिलेल्याला ८०० डॉलरची सूट असते. पण ब्रिटनमध्ये पर्यटकाला दुकानातल्या खरेदीवरचा व्हॅट परत मिळणं २०२१ च्या सुरुवातीपासून बंद आहे. दुकानाने परदेशी पाठवला तर व्हॅट कापतात, तुमच्या विक्रेत्यानेही ६०० चे ५०० केलेच आहेत. हातात घेतला तर पूर्ण ६००, म्हणजे १,०८० डॉलर. सवलतीच्या वरच्या २८० वर एचएसटी ३६. एकूण १,११६. टपालाने : ९०० अधिक ११७ अधिक फी १० अधिक भाडं समजा ६३, मिळून १,०९०. सारखंच! तेव्हा हिशेब सोडा आणि मापाचं बघा. तिथे शिंपी कमरेला टेप लावेल, त्याचे सव्वीस डॉलर मी खुशीने देईन.

स्पोरन, म्हणजे किल्टवर पुढे लटकवायचा बटवा, घेताना मात्र सीलच्या कातड्याचं नको. अमेरिकेत त्याला मनाई आहे, आणि हॅमिल्टनच्या बँडला नायगारा ओलांडून बफेलोला जायला कितीसा वेळ लागतो! आणि ऑगस्टमध्ये ग्लासगोला नाहीच जमलं, तर ऑन्टॅरिओतच मॅक्सव्हिलला भरणाऱ्या ग्लेनगॅरी हायलँड गेम्सना, त्या स्कॉटिश मेळाव्याला, जाऊन या. विक्रेत्यांचे तंबू असतात, भाव कॅनडाच्या डॉलरमध्ये, आणि अंगाला लावून बघता येतं.

प्रश्न : पुतण्या एडिंबराला असतो, त्याची बायको तिकडचीच. त्यांनी माझ्या साठीला नाशिकला किल्ट भेट पाठवायचं ठरवलंय. भेटवस्तूवर ड्युटी नसते ना?
— एक काका

उत्तर : असते, काका. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंची सवलत डिसेंबर २०१९ मध्ये गेली. सुटल्या त्या दोनच गोष्टी : जीवरक्षक औषधं आणि राखी. किल्ट दोन्हींत बसत नाही. पुतण्या साठीला येणारच असेल तर त्याच्या बॅगेतून आणू दे. प्रवाशाच्या सामानाला ठरावीक रकमेपर्यंत सूट असते आणि तीत भेटवस्तूही धरतात. पावती मात्र जवळ ठेवायला सांगा. आणि कमरेचं माप आजच कळवा, साठीच्या जेवणावळी सुरू व्हायच्या आत.