व्हिटॅमिन डी आणि थायरॉइड भरून काढलं तर क्लस्टर डोकेदुखी थांबेल का?

तुमच्या भावाला क्लस्टर डोकेदुखी आहे, रक्तात व्हिटॅमिन डी ११ (नॅनोग्रॅम/मिलि) आणि टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारं संप्रेरक) ९ निघालं, आणि "एवढं नीट झालं की डोकं आपोआप थांबेल" असं सगळे सांगताहेत, हे खरं का, असा तुमचा प्रश्न. वर्धा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे आणि माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे, म्हणून लिहितोय.

दोन्ही दुरुस्त कराच. पण त्याने डोकं थांबेल असं धरून बसू नका, आणि त्या भरवशावर डोक्याचा उपचार तर अजिबात लांबवू नका.

आपल्याकडे याला अर्धशिशी समजतात. अर्धशिशीचा माणूस अंधार करून पडून राहतो. माझा भाऊ रात्री दीडच्या सुमारास उठून अंगणात येरझारा घालतो, कपाळ भिंतीला दाबून धरतो. उजवा डोळा लालबुंद, पाणी गळतंय, त्याच बाजूची नाकपुडी बंद, पापणी उतरलेली. तासाभराने ओसरतं आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळेला पुन्हा येतं. हे वेळापत्रक मेंदूतल्या हायपोथॅलॅमसशी जोडलेलं आहे, शरीराचं घड्याळ तिथेच असतं. व्हिटॅमिनच्या गोळीने ते बदलेल असं पक्कं सिद्ध झालेलं नाही.

शिवाय डी आपल्याकडे कोणाचाही तपासा, बहुतेकदा कमीच निघतो. शेतात राबणाऱ्याचासुद्धा. सावळी कातडी, अंगभर कपडे, डोक्याला दुपट्टा, आणि डी तयार करणारं भर दुपारचं ऊन एप्रिल-मेमध्ये आपण टाळतोच. म्हणून क्लस्टरच्या रुग्णात डी कमी सापडला एवढ्यावरून डी हेच कारण ठरत नाही. तरी २० च्या खाली म्हणजे कमतरता, ती हाडांसाठी आणि स्नायूंसाठी भरायलाच हवी. डॉक्टर साधारणपणे ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे देतात. आठवड्यातून एकदाच! माझ्या काउंटरवर एक आजोबा रिकाम्या पुड्या घेऊन आले होते, "रोज एक घेतली न भाऊ, लवकर ताकद येईन म्हनून." जास्त डीने रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ होते, शौचाला कडक होतं, लघवी वाढते, किडनीला इजा होते. क्लस्टरवर रोज देतात ते व्हेरापामिल कॅल्शियमची वाट अडवूनच काम करतं, त्यामुळे कॅल्शियम फार चढलं तर त्याचा असर कमी होऊ शकतो. इंटरनेटवरचे मोठ्या डोसाचे प्रयोग स्वतःच्या मनाने करू नका.

थायरॉइड कमी असल्यानेही डोकं दुखतं, पण ते दोन्ही बाजूंनी, मंद आणि सतत. डोळ्यामागे सुरी खुपसल्यासारखं ठरल्या वेळी येणारं दुखणं वेगळं. टीएसएच ९ असेल तर फ्री टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) ही रक्ततपासणी करून घ्या, गोळी लगेच द्यायची की काही आठवड्यांनी पुन्हा तपासायचं ते डॉक्टर ठरवतील. गोळी सुरू झाली तर ती उपाशीपोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी. कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवा, दोन्ही सोबत घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही.

थायरॉइडचा रिपोर्ट जपून ठेवायचं खरं कारण मला वाटतं लिथियम नावाचं औषध. क्लस्टर वर्षभर हटत नसेल तर काही रुग्णांना लिथियम देतात, आणि ते थायरॉइड मंदावतं, कधी कॅल्शियमही वाढवतं. आधीच टीएसएच ९ असलेल्या माणसाबाबत हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. आपल्या उन्हाळ्यात तर आणखी जपावं लागतं. घामाने पाणी आणि मीठ गेलं, वरून अंगदुखीसाठी आयब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक घेतलं, की रक्तात लिथियम साचतं. हातपाय थरथरणं, जुलाब, तोल जाणं, बोलणं अडखळणं दिसलं की ताबडतोब दवाखाना.

एकदा एमआरआय झालाय का तेही बघा. क्वचित पिट्युटरी ग्रंथीची (मेंदूच्या तळाशी असते, थायरॉइडला हुकूम देते) गाठ हुबेहूब असंच दुखणं देते आणि थायरॉइडही बिघडवते. त्यात टी४ कमी असून टीएसएच वाढलेलं नसतं, म्हणून नुसत्या टीएसएचवर विसंबू नये.

झटका आला की उपयोगी पडतो तो ऑक्सिजन: पिशवीवाल्या मास्कने मिनिटाला १२ ते १५ लिटर, पंधरा-वीस मिनिटं, बसून. कोविडनंतर बऱ्याच घरी आलेलं कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं यंत्र) सहसा ५ लिटरचं असतं, ते पुरत नाही, सिलिंडरच लागतं. जवळपास बिडी-सिगरेट पेटवायची नाही. हृदयाचा त्रास नसेल तर सुमाट्रिप्टानचं ६ मिलिग्रॅमचं इंजेक्शनही चालतं. झटक्यांचा काळ सुरू असेपर्यंत दारू पूर्ण बंद. सेवाग्राम किंवा नागपूरच्या न्यूरोलॉजिस्टकडून ऑक्सिजनची चिठ्ठी लिहून घ्या आणि दिवसाउजेडी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून ठेवा, म्हणजे रात्री दोनला नेलं तर ड्युटीवरच्या सिस्टरला पहिल्यापासून सगळं समजावत बसावं लागणार नाही.