पेहरावाची प्रश्नोत्तरे : कपड्याची कड कुठे येते, ते पाहा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत भगिनींनी आपल्या बांध्याला फळाचे नाव दिले आहे. कोणी स्वतःला सफरचंद म्हणवते, तर कोणी नासपती. ही नावे मासिकांनीच रूढ केली, हे मला मान्य आहे. परंतु शिंप्याच्या टेपेला ती कळत नाहीत. तिला खांदा, छाती, कंबर, नितंब आणि कंबरेपासून जमिनीपर्यंतचे अंतर एवढेच कळते, आणि कपडा शोभणे किंवा न शोभणे बहुतांशी या मापांवरच ठरते. म्हणून उत्तरे त्याच भाषेत देत आहे. कपड्याची कड, मग ती काठाची असो, बाहीची असो किंवा कुर्त्याच्या घेराची, अंगाच्या ज्या जागी येते तिथे पाहणाऱ्याची नजर थबकते. हे सूत्र खालील सर्व उत्तरांत पुन्हा पुन्हा येईल.

प्रश्न : माझी उंची पाच फूट असून कंबरेखालचा भाग रुंद आहे. भाचीच्या लग्नात आईची जुनी पैठणी नेसण्याची फार इच्छा आहे, पण तिचा काठ रुंद असल्याने ती नेसली की मी आणखी ठेंगणी आणि स्थूल दिसते. एका शिंप्याने काठ कापून अरुंद करून देतो, असे सांगितले आहे. तसे करावे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ताई, त्या काठाला कृपा करून कात्री लावू देऊ नका. हातमागाच्या पैठणीचा काठ मागाहून जोडलेला नसतो. तो अंगाच्या कापडाबरोबरच विणला जातो. एकदा कापला की साडी जन्माची अधू होते, आणि तुमची अडचण तरीही जशीच्या तशी राहते, कारण तिचे मूळ काठापेक्षा नेसण्यात अधिक आहे.

थोडा हिशेब करून पाहा. साडीची रुंदी साधारणपणे 45 इंच असते. तुमच्या उंचीच्या स्त्रीचे कंबरेपासून जमिनीपर्यंतचे अंतर 37 इंचांच्या आसपास भरते. म्हणजे सुमारे आठ इंच जाड रेशीम परकराच्या आत, कंबरेभोवती सगळीकडून खोचले जाते आणि नेमके जिथे तुम्हाला भर नको आहे तिथेच त्याची वळकटी होते. त्यात परकर चुण्यांचा असेल, तर त्या चुण्यांची जाडी वेगळीच. यावर उपाय असा की, परकर सहा किंवा आठ कळ्यांचा (वर अरुंद, खाली रुंद अशा पट्ट्यांचा) शिवून घ्यावा, म्हणजे तो कंबरेशी सपाट बसतो आणि खाली पायांना मोकळीक देतो. तो बेंबीच्या रेषेवर, किंचित वरच बांधावा. नाडीची गाठ निऱ्यांच्या जागी न आणता डाव्या कुशीला घ्यावी, आणि साडी कोंबल्यासारखी न खोचता वरची कड आधी एक सपाट दुमड घालून मगच आत सरकवावी. अंगाला घट्ट बसणारे, माशाच्या शेपटीसारखे तयार परकर हल्ली सर्वत्र मिळतात; ते जॉर्जेटखाली ठीक आहेत, पण पैठणीखाली ते नितंबांची रेषा अधिकच ठळक करतात आणि मांडवात पाऊल टाकणेही कठीण करतात.

निऱ्या अरुंद, चार इंचांच्या आतबाहेर घ्या आणि खोचल्यावर वीतभर खाली आतून एक पिन लावा, म्हणजे त्या पोटाशी पंख्यासारख्या फुलत नाहीत. चपला आधी घालून मग साडी नेसा. साडी घोट्याच्या वर राहिली की पाय तेवढेच तुटक दिसतात आणि रुंद काठ वर चढल्यासारखा वाटतो; तोच काठ जमिनीला टेकला, तर त्याच्या वरचे सलग अंग उंच भासते. पदराच्या निऱ्या नीट जुळवून खांद्यावर चार बोटे रुंदीच्या घ्या आणि मागे गुडघ्याच्या थोडे खाली सोडा. जरीची ती उभी पट्टी खांद्यापासून खाली उतरताना दिसली पाहिजे. ब्लाउज साडीच्या अंगाच्याच रंगाचा घेतलात, तर मध्येच रंग बदलून देहाचे दोन तुकडे पडणार नाहीत. विरुद्ध रंगाचा ब्लाउज सुंदर दिसतो, यात शंका नाही, परंतु तो उंचीचा थोडा भाग खातो.

लग्नाच्या आधी एकदा संपूर्ण नेसून, घरभर फिरून, दोन वेळा खाली बसून उठून पाहा. आरशासमोर उभे राहून साडीचा अंदाज कधीच येत नाही.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवते. माझे खांदे रुंद आणि छाती भरलेली आहे. तयार कुर्ता छातीत बसला तर कंबरेत पोते होतो, आणि कंबरेत बसला तर काखेशी ओढला जातो. कोणता आकार घ्यावा? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : आपला आकार चुकत नाही, कुर्त्याची बेतणी चुकते. तयार कुर्त्यांचे आकडे प्रामुख्याने छातीच्या मापावर ठरतात आणि बाकीची मापे त्यावरून सरासरीने काढलेली असतात. त्यातही अनेक कुर्त्यांना समोर टक्स (उभारासाठी कापडाला घातलेल्या निमुळत्या दुमडी) दिलेलेच नसतात. भरलेल्या छातीवर असे सपाट कापड घातले की ते कुठून तरी वाढीव कापड मागते. आरशात बारकाईने पाहा : काखेपासून छातीच्या टोकाकडे तिरप्या सुरकुत्या जातात, पुढचा घेर मागच्यापेक्षा वर उचलला जातो आणि बाजूचे कट आपोआप उघडे पडतात. ही तीन लक्षणे दिसली की कुर्ता एक माप मोठा घेऊनही भागत नाही, कारण मग खांद्याची शिवण दंडावर उतरते.

तयार कपडा घेताच असाल, तर छाती आणि खांदा या दोन ठिकाणी बसणारा घ्या आणि कंबर शिंप्याकडून आत घ्या. बाजूची शिवण आवळणे अर्ध्या तासाचे काम आहे; खांदा आणि मुंढा (बाही जोडण्याचा काखेचा गोल) दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून कपडा जवळजवळ नव्याने शिवावा लागतो. मात्र रोज घालायचे चार-पाच कुर्ते तरी अंगावर माप देऊन शिवून घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगेन. शिंप्याला छातीचे टक्स किंवा खांद्यापासून छातीवरून उतरणाऱ्या लांब शिवणीचा प्रिन्सेस कट मागा, आणि शिवणीच्या आत किमान एक इंच कापड दाबून ठेवायला सांगा.

गळा पुढून थोडा खोल, व्ही आकाराचा किंवा लांबट गोल असू द्या. बोट नेक (खांद्यापासून खांद्यापर्यंतचा आडवा गळा) आणि फुग्याच्या बाह्या टाळा, कारण दोन्ही खांद्यांची आडवी रेषा वाढवतात. बाही दंडाच्या सर्वांत जाड भागी संपू नये. ती कोपरापर्यंत किंवा त्याच्या खाली आणावी. फळ्यावर लिहिताना हात उंचावतो, तेव्हा कुर्ता वर खेचला जातो का, हेही माप देतानाच हात वर करून पाहून घ्या.

प्रश्न : पन्नाशीनंतर पोट सुटले आहे. फक्त काळे कपडेच घालावेत का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : मुळीच नाही. गडद रंगावर कापडाच्या वळ्यांच्या सावल्या कमी दिसतात, एवढाच त्याचा उपयोग आहे, आणि तो गर्द जांभळ्या, बाटली हिरव्या किंवा निळ्या रंगातही मिळतो. त्याहून महत्त्वाची आहे चकाकी. काळे सॅटिन पोटाचा प्रत्येक उंचवटा उजळून दाखवते, तर फिकट रंगाचे जाडसर सुती कापड तो झाकते. छातीखाली संपणारा योक (वरचा वेगळा सपाट तुकडा) असलेला आणि तिथून कळ्यांनी उतरणारा कुर्ता शिवा. चुण्या नकोत, त्या नेमक्या पोटावर फुगतात. सलवारीची नाडी पोटात रुतत असेल, तर रुंद इलॅस्टिक घाला.

प्रश्न : माझी उंची पाच फूट आठ इंच असून मी अगदी सडपातळ आहे. साडी काठीला गुंडाळल्यासारखी दिसते, असे घरचे म्हणतात. (एक वाचक, पुणे)

उत्तर : वरच्या ताईंना ज्याची अडचण होते, त्यातले बरेचसे तुम्ही निर्धास्तपणे करा. रुंद काठाची इरकल, चौकड्यांची साडी, विरुद्ध रंगाचा खणाचा ब्लाउज, कोपरापर्यंतची किंवा किंचित फुगीर बाही, खांद्यावर सुटा सोडलेला पदर, हे सारे तुमच्या उंचीवर खुलते. शिफॉन अंगाला चिकटून हाडे दाखवते. त्याऐवजी खळ दिलेली सुती साडी नेसा, ती अंगापासून थोडी सुटी उभी राहते आणि भरलेपणा देते. नऊवारी तर अवश्य नेसून पाहा, तिचा काष्टा आणि घोळ तुमच्यासारख्या बांध्याला फार शोभतो.

फक्त दुकानात साडीची रुंदी टेपेने मोजून घ्या. तुमचे कंबरेपासून जमिनीपर्यंतचे अंतर 42 इंचांच्या घरात असणार. 44 इंच रुंदीच्या साडीत खोचायला जेमतेम दोन इंच उरतात आणि चालताना ती सुटते. 46 किंवा 47 इंच रुंदीची मागा, आणि फॉल लावताना खालची कड आत दुमडू नका असे आधीच सांगून ठेवा.