न आलेल्यांची ओपीडी

प्रिय डॉक्टर,

दापोली तालुक्यातल्या आरोग्य केंद्रावर रुजू झालीस, हे वाचून फार बरं वाटलं. औषधांचा साठा, सिस्टरांची कमतरता, क्वार्टरचं गळकं छप्पर याबद्दल तू लिहिलंयस. त्यातून वाट काढशील, तेवढी तू खमकी आहेस. मला वेगळंच सांगायचंय. ओपीडीचं रजिस्टर भरलेलं दिसलं म्हणून समाधान मानू नकोस. त्यात आलेल्यांची नावं असतात. ज्यांना तुझी सर्वांत जास्त गरज आहे, ती माणसं बहुतेक वेळा आलेलीच नसतात.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने १९७१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच मांडलं होतं: जिथे गरज जास्त, तिथे चांगली वैद्यकीय सेवा कमी. याचा पडताळा घ्यायला तुला लांब जायला नको. हर्णैच्या जेटीपासून वरच्या धनगरवाड्यांपर्यंत एकदा फिरून ये.

उपकेंद्र मिळतं ते डोकी मोजून. सपाटीवर ५,००० लोकांमागे एक, डोंगराळ भागात ३,००० मागे एक. कोकणातलं गाव म्हणजे मात्र विखुरलेल्या वाड्या, मध्ये वहाळ, चढ आणि पावसाळ्यात निसरड्या पायवाटा. काही वाड्यांतून आजही आजारी माणूस डोलीत घालून सडकेपर्यंत आणावा लागतो. डोली उचलायला चार तगडे गडी लागतात आणि वाडीतले तरुण तर मुंबईला. म्हणून घरचे थांबून बघतात, एक रात्र, दोन रात्री. मग तुझ्यापुढे पेशंट येतो तेव्हा ‘इतका उशीर का केलात?’ असं त्यांच्यावर ओरडू नकोस. त्यांना ते आधीच ठाऊक असतं.

आता तुझ्या हातातलं सांगतो. सकाळच्या एस.टी.ने आलेली आजी दुपारच्या गाडीने परत जाणार. तिला ‘रिपोर्ट चार वाजता’ म्हटलंस की तो रिपोर्ट तिला कधीच मिळत नाही. लांबच्या वाड्यांचे नमुने आधी लावायला लॅबमध्ये सांग. बीपीच्या गोळ्या तिला पाच दिवसांच्या देऊ नकोस, महिन्याच्या दे. एवढ्याशा गोळ्यांसाठी पुन्हा गाडीभाडं मोडणं परवडत नाही, म्हणून ती एक दिवसाआड खाऊन पुरवते आणि केसपेपरवर तुला दिसतं फक्त ‘बीपी आटोक्यात नाही’. सरकारी दवाखाना फुकट आहे हे खरं, पण तिथवर येणं फुकट नाही. बुडालेली मजुरी, सोबतीला आलेल्या सुनेची बुडालेली मजुरी, रिक्षा, हे सगळं त्या गोळीच्या किमतीत धर. पुढे रत्नागिरीला किंवा मुंबईला पाठवतानाही तेच. १०८ची रुग्णवाहिका फुकट नेते, परत आणत नाही. तिथे राहणार कोण, घरची गुरं बघणार कोण, हे विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहू नकोस.

लावणीच्या दिवसांत जास्त सावध राहा. दिवसभर चिखलात उभी राहते ती बहुतेक दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई. उंदरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी पायांच्या भेगांतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) देतं. ताप, पोटऱ्यांत कळ, लाल डोळे दिसले की ‘पावसाळी ताप’ म्हणून सोडून देऊ नकोस. जिथे लेप्टोचा धोका आहे तिथे तो होऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिन आठवड्यातून एकदा द्यायचं असतं. ती गोळी आशाताईंसोबत बांधावर पोचली पाहिजे, कारण लावणी टाकून ओपीडीत येणं त्या बाईला जमणार नाही.

आणि जे कुठल्याच यादीत नाहीत ते वेगळेच. वीट-कोळशाच्या भट्टीच्या हंगामात गाव सोडणारी कातकरी कुटुंबं, आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी, बोटीवरचे खलाशी. लसीकरणाच्या दिवशी कातकरी पोर वाडीत नसतं आणि भट्टीवर त्याचं कार्ड नसतं. योजनांचा लाभ घ्यायचा तर कागद लागतात, आणि यांच्याकडे ते धड नसतात. या लोकांना ‘बाहेरचे’ म्हणून कोणी वगळलं की मला फार संताप येतो. तुझ्या हद्दीत जो झोपतो तो तुझा पेशंट.

छोट्या केंद्रात राहून काय करणार, असं वाटलं तर महाडजवळच्या बिरवाडीचं उदाहरण आठव. डॉ. हिंमतराव बावस्कर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावतो तो बहुधा अनवाणी राबणाऱ्याला, लाकडं-दगड उचलणाऱ्याला. बावस्करांनी पेशंटच्या खाटेशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास बघितला आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी या दंशावर लागू पडते हे दाखवलं. दंशाच्या लक्षणांवरचं त्यांचं काम १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलं, प्राझोसिनवरचं १९८६ मध्ये. गरिबांच्या मरणाकडे टक लावून बघणारा डॉक्टर तिथे होता, म्हणून ते झालं.

या महिन्यात एक काम कर. आशाताईंना घेऊन बस आणि गेल्या वर्षभरात दवाखान्यात न पोचता घरीच दगावलेल्या माणसांची वाडीवार यादी काढ. प्रत्येकापुढे आजार लिही आणि ते का आले नाहीत तेही लिही. यादी झाली की मला पाठव. कोणत्या वाडीपासून सुरुवात करायची ते मग फोनवर ठरवू.

तुझे,
सर