आत्याच्या बिल्ल्यांना हात लावण्याआधी

आत्यांच्या ट्रंकेतला गणवेश, बिल्ले आणि पदकं साफ करायचीत ना? आधी ब्रासो, ते धातू चमकवायचं पॉलिश, बाजूला ठेव. पहिलंच पदक मी घासून चकचकीत केलं आणि कांस्याचा जुना काळपट रंग कायमचा घालवला. अजून सलतं ते.

तुझ्या आत्या सैनिकी नर्सिंग सेवेतल्या, म्हणजे अधिकारी. खांद्यावर दोन तारे असतील तर लेफ्टनंट, तीन असतील तर कॅप्टन. निळी टोपी आणि दंडावरचं संयुक्त राष्ट्रांचं चिन्ह पाहून त्या कोणत्या शांतिमोहिमेवर होत्या ते कळत नाही. ती सांगते पदकाची फीत. रंगपट्टे मोहिमेगणिक वेगळे. पदक मात्र बहुतेक सारखंच, मागे ‘इन द सर्व्हिस ऑफ पीस’. म्हणून विटली तरी फीत बदलू नकोस. तिच्यावर बारका आकडा दिसला, तर त्याच मोहिमेवर पुन्हा गेल्या होत्या असं समज.

अपशिंगे मिलिटरीसारख्या फौजींच्या गावात अशा ट्रंका बऱ्याच निघतील, पण नर्सची क्वचितच. कपडा धुऊ नको. साताऱ्याच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. जुन्या धुवट सुती कापडात गुंडाळ.

आणि आत्यांनाच विचार की! काँगोत, गोमा शहरातल्या भारतीय रुग्णालयात होत्या की आणखी कुठे? सांगतील ते चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून ट्रंकेतच ठेव. दिवाळीची वाट बघू नको.