बायपासनंतर रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी चालून आल्यावर वडील दुपारपर्यंत गळून जातात. कारण काय असेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ७२ वर्षांचे, चार वर्षांपूर्वी बायपास झालेली, सोबत मधुमेह आणि रक्तदाब. ईसीजी, टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) ठीक. सकाळी पाऊण तास चालतात, छातीत दुखत नाही, पण घरी आले की दुपारपर्यंत पडून राहावं लागतं. हे गेल्या दोन-तीन महिन्यांतलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं. तर चालणं बंद करावं का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, हृदयाचं ऑपरेशन किंवा अँजिओप्लास्टी झालेल्यांकडून व्यायाम करून घेण्याचं काम बरीच वर्षं करते. चालणं पूर्ण बंद करू नका. पुढची तपासणी होईपर्यंत निम्म्यावर आणा, चढ आणि जिने टाळा. ‘वय झालं’ हे उत्तर मात्र मला इथे पटत नाही. वय असं दोन-तीन महिन्यांत अंगावर येत नाही. दिवाळीत जमत होतं ते संक्रांतीला जमेनासं झालं असेल, तर मधे काहीतरी बदललंय.

आधी रिपोर्टांबद्दल. ईसीजी आणि एको दोन्ही माणसाला आडवं झोपवून काढतात. तुमचा प्रश्न आहे चालण्यानंतरचा. एकोवर इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के आलं की घरातले सगळे निर्धास्त होतात, पण त्या आकड्यातून हृदय आकुंचन किती चांगलं पावतं एवढंच कळतं. रक्तदाब, मधुमेह आणि वयामुळे हृदयाचा स्नायू ताठर झाला असेल तर ते सैल होऊन रक्ताने भरायला वेळ घेतं. बसल्या जागी हे जाणवतच नाही. चालताना ठोके वाढले की भरायला मिळणारा वेळ कमी होतो, आतला दाब वाढतो आणि माणूस दमतो. रिपोर्टच्या तळाशी ‘ग्रेड वन डायस्टॉलिक डिसफंक्शन’ (हृदय सैल व्हायला थोडा वेळ घेतं, याचंच नाव) लिहिलेलं असेल तर लगेच घाबरू नका, सत्तरीच्या कितीतरी जणांच्या रिपोर्टवर ते असतं. पण सोबत धाप लागत असेल, संध्याकाळी पायांवर सूज येत असेल, रात्री उशा वाढवाव्या लागत असतील, तर ते डॉक्टरांना नक्की सांगा. हृदयावर ताण येतोय का हे बघायला एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी असते.

आता माझ्या मते सगळ्यात आधी बघायची गोष्ट, ती म्हणजे गोळ्यांचा डबा. बायपास झालेल्या बहुतेकांना मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल यांपैकी एक गोळी असते. ही हृदयाचे ठोके मुद्दाम कमी ठेवते, आणि ते बऱ्याचदा गरजेचंही असतं. पण चालताना स्नायूंना जास्त रक्त हवं असतं आणि ठोके वाढायलाच तयार नसतात, मग पाय जड होतात आणि नंतर माणूस पार गळून जातो. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे. बसलेले असताना नाडी ५६, आणि दोन जिने चढून आल्यावर जेमतेम ६८. त्यांच्या डॉक्टरांनी डोस कमी केला आणि थोड्याच दिवसांत फरक दिसला. तुम्हीही वडिलांची नाडी चालण्याआधी, चालणं थांबल्याबरोबर आणि पाच मिनिटांनी मोजून लिहून ठेवा. मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा, कारण ठोके अनियमित असतील तर तेही हाताला कळतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे ठोके अनियमित पडण्याच्या एका आजारात, कधीकधी थकवा हीच एकमेव तक्रार असते. गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका. ती एकदम बंद केली की ठोके आणि रक्तदाब उसळतात आणि अँजायना (हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणारं दुखणं) उफाळू शकतो. दुसरं असं की काहींचे ठोके गोळीमुळे नाही, तर हृदयातल्या विजेच्या वायरिंगमध्ये दोष असल्यामुळे वाढत नाहीत. हॉल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) किंवा टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) केल्याशिवाय ते कळत नाही.

पुढचा संशय सकाळच्या वेळापत्रकावर. रक्तदाबाची गोळी, एक कप चहा, पाऊण तास चालणं आणि आल्याबरोबर कढत पाण्याची अंघोळ, हा क्रम मी असंख्य घरांत ऐकलाय. व्यायामानंतर रक्तदाब तसाही काही तास खाली राहतो. त्यात गोळीचा जोर आणि गरम पाण्याने फैलावलेल्या रक्तवाहिन्या. मग पडून राहावंसं वाटणारच. घरच्या यंत्रावर चालून आल्यावर बसून एकदा आणि उभं राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा रक्तदाब बघा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. गोळीची वेळ बदलायची की डोस, ते तेच ठरवतील. अंघोळ कोमट पाण्याने आणि तासाभराने केली तर बिघडत काही नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालण्याआधी आणि नंतरची साखरही एक-दोनदा तपासा.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइड), बी-१२, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), सोडियम आणि पोटॅशियम हे मी तरी विचारेन. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या खाली म्हणजे अॅनिमिया. ॲस्पिरिन वर्षानुवर्षं चालू असेल तर पोटातून थेंबाथेंबाने रक्त जात राहू शकतं. शौचाचा रंग डांबरासारखा काळा दिसतो का हे संकोच न करता विचारा, वडील आपणहून सांगायचे नाहीत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत, त्यातही शाकाहारी माणसांत, बी-१२ कमी सापडतं. लघवीची गोळी आणि त्यावर ‘मीठ बंद’चा घरगुती हुकूम असेल तर सोडियम उतरतं आणि माणूस नुसता मलूल होतो. मांड्या-पोटऱ्या दुखत असतील तर कोलेस्टेरॉलच्या गोळीचाही विषय काढा. ती गोळीही मनाने सोडायची नाही.

हे सगळं खरं असलं तरी एक शक्यता आधी बाजूला करायला हवी. मधुमेह असलेल्यांत आणि वयस्कर माणसांत हृदयाचा रक्तपुरवठा कमी पडला तरी छातीत दुखेलच असं नाही. धाप, घाम, मळमळ किंवा नवा थकवा एवढंच दिसू शकतं, आणि घरात त्याला ‘गॅस झालाय’ म्हणतात. बायपासमध्ये रक्ताला नवी वाट म्हणून जोडलेल्या वाहिनीला ग्राफ्ट म्हणतात. पायातून काढलेल्या शिरेचे ग्राफ्ट काही वर्षांनी अरुंद होऊ शकतात, छातीतल्या धमनीचा ग्राफ्ट त्या मानाने टिकतो. म्हणून ही भेट नेहमीच्या सहा महिन्यांच्या फेरीपर्यंत लांबवू नका, याच आठवड्यात घ्या. मधल्या काळात छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी धाप, असं काही झालं तर वाट न बघता १०८ ला फोन करा. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलं तर अंगात पाणी साठत असण्याची शक्यता असते, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

भेटीत ‘थकवा येतो’ एवढंच म्हणू नका. चालताना येतो, थांबल्यावर पाच मिनिटांत, तासाभराने की दुसऱ्या दिवशी, हे सांगा. भेटीपर्यंत जेवढ्या दिवसांची जमेल तेवढी नोंद, नाडी, रक्तदाब आणि सगळ्या गोळ्यांचा फोटो सोबत न्या. टीएमटी किंवा सहा मिनिटं चालण्याची चाचणी करता येईल का, असं थेट विचारा. घोरत असतील, रात्री श्वास अडकून दचकून उठत असतील, तर तेही सांगा. आणि बायपासनंतर मन खचलेलं असणं दुर्मीळ नाही, वडिलांच्या पिढीला ते बोलता येत नाही इतकंच.

तोवर चालायचं कसं? पाऊण तास सलग चालण्याऐवजी सकाळी दहा-बारा मिनिटं आणि संध्याकाळी तेवढंच. सुरुवातीची आणि शेवटची काही मिनिटं रमतगमत. एकदम थांबून बाकावर बसलं की रक्त पायांत साठतं आणि डोकं हलकं होतं. वेग असा ठेवायचा की सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. बागेतल्या मित्रमंडळींच्या मागे फरफटत जाणं बंद, हे त्यांना तुम्हालाच सांगावं लागेल. मोबाइलवर दहा हजार पावलांचं लक्ष्य लावलं असेल तर काढून टाका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, कुठल्या हृदयरोगतज्ज्ञाने तुमच्या वडिलांसाठी ठरवलेला नाही. तपासण्या ठीक आल्या आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठणं-बसणं आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस सुरू करा. मांड्यांत ताकद आली की तेवढंच अंतर चालायला हृदयावर कमी ताण पडतो.