शिरांवरच्या उपचाराचं 96 हजारांचं पॅकेज: हप्ते, एफडी की एसआयपी?

प्रश्न: मी नाशिकला शिक्षिका आहे, वय 44. मांड्यांवर आणि घोट्यांजवळ निळ्या-जांभळ्या शिरांची जाळी दिसते, नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक लाल रेषा आहेत. एका कॉस्मेटिक क्लिनिकने पायांच्या 6 सिटिंग (दर 9,000) आणि चेहऱ्याच्या 4 लेझर सिटिंग (दर 10,500) असं 96,000 रुपयांचं पॅकेज दिलंय. रोख भरले तर 10 टक्के सूट, नाहीतर 8,000 चे 12 बिनव्याजी हप्ते आणि 1,999 प्रोसेसिंग फी. हातात पगार 62,000, गृहकर्जाचा हप्ता 18,500. यजमानांचं दुकान आहे, उत्पन्न कमी-जास्त होतं. 2,10,000 ची एफडी आहे, मुलीच्या शिक्षणासाठी 7,000 ची एसआयपी चालू आहे, ती पुढच्या वर्षी बारावीत जाईल. 2022 पासून सगळ्या कुटुंबाची मिळून 5 लाखांची आरोग्य विमा पॉलिसी (फॅमिली फ्लोटर) आहे. संध्याकाळी पाय जड होतात, डाव्या घोट्यावर मोज्याचा वळ राहतो. हप्ते घेऊ, एफडी मोडू की वर्षभर एसआयपी थांबवू? की दिसण्यावर एवढा खर्च करूच नये?

उत्तर: ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. रोज वर्गात उभं राहणाऱ्या बाईला आपले पाय आणि चेहरा नीट दिसावेत असं वाटलं तर त्यात गैर काही नाही. त्यासाठी पैसे बाजूला काढणं हा रास्त खर्च आहे. माझा आक्षेप खर्चाला नाही, या पॅकेजला आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ मोज्याच्या वळाची आहे. नुसती जाळी असती तर तो दिसण्याचा प्रश्न होता. जडपणा आणि सूज आली की शिरांमधल्या झडपा नीट मिटत नसल्याची, रक्त उलटं खाली उतरत असल्याची शंका घ्यावी लागते. तसं असेल तर वरच्या जाळीत कितीही इंजेक्शनं घ्या, आतला दाब तसाच राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत नवी जाळी उमटते. म्हणजे पायांचे 54,000 पाण्यात. म्हणून पहिला खर्च दोन्ही पायांच्या व्हेनस कलर डॉपलरचा, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचा, साधारण दोन ते चार हजारांचा. हा तपास उभं राहूनच करून घ्या. झोपवून केला तर उलटा प्रवाह निसटू शकतो. त्वचेलगतच्या शिरांत तो अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त टिकला तर दोष धरतात, आणि हा आकडा रिपोर्टमध्ये लिहिलेला असायला हवा. रिपोर्ट व्हॅस्क्युलर सर्जनला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा.

यावर तुमच्या पैशांचं बरंच काही अवलंबून आहे. सौंदर्योपचार सगळ्या आरोग्य पॉलिसींमधून वगळलेले असतात, पण झडपांच्या दोषावरचा लेझर किंवा आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी) उपचार हा वैद्यकीय उपचार आहे आणि तो सहसा डे-केअरमध्ये, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात अशा उपचारांत बसतो. व्हेरिकोज व्हेन्सना, म्हणजे अशा फुगलेल्या शिरांना, बहुतेक पॉलिसींत 24 महिन्यांची प्रतीक्षा असते, त्या काळात क्लेम मिळत नाही. तुमची पॉलिसी 2022 पासून खंड न पडता चालू असेल, तर ती केव्हाच संपली. एका पायाचा खर्च लाखाच्या आसपास जाऊ शकतो, तेव्हा हा हक्क सोडू नका. क्लेम अडकतो तो कागदांवर. केसपेपरवर कुठेही ‘कॉस्मेटिक’ लिहिलेलं नको. जडपणा, सूज, किती महिन्यांपासून, डॉपलरमधला दोष आणि सर्जनचा सल्ला हे सगळं तारखेनिशी हवं. कॅशलेसची पूर्वमंजुरी उपचाराआधी घ्या आणि पॉलिसीत या आजाराला वेगळी मर्यादा आहे का ते तपासा. पॉलिसी घेतानाच पायांचा त्रास होता आणि अर्जात तो लिहिला नव्हता, असं असेल तर क्लेम टाकण्याआधी एजंटशी स्पष्ट बोला.

आता हप्त्यांचा हिशोब. रोख दर 86,400 आहे. तेवढ्याच मालासाठी तुम्ही 8,000 चे 12 हप्ते भरणार, म्हणजे सोडलेली सूट हेच व्याज, वर्षाला सुमारे 20 टक्के. प्रोसेसिंग फी जीएसटी धरून 2,359 होते. ती मिळवली की दर 25 टक्क्यांच्या घरात जातो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. कर्ज देणाऱ्या कंपनीकडे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा, त्यात वार्षिक दर लिहावाच लागतो. व्याजाहून मोठा धोका असा, की क्लिनिकला पैसे पहिल्याच दिवशी मिळतात. तिसऱ्या सिटिंगनंतर डाग पडले म्हणून तुम्ही थांबलात किंवा क्लिनिकच बंद झालं, तरी हप्ते चालूच राहतात आणि चुकले तर सिबिल तुमचं बिघडतं.

कराचंही विचारा. सौंदर्योपचारांना आरोग्यसेवेची जीएसटी माफी नाही. कोटेशनमध्ये जीएसटी धरलेला नसेल तर आकडा 96,000 च्या वर जाईल.

एफडी मोडून रोख 86,400 भरले तर हातात 1,23,600 उरतात. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून महिन्याला 48,000 धरले तर आज चार महिन्यांहून जास्त असलेलं बळ अडीच महिन्यांच्या आसपास येतं. दुकानाच्या उत्पन्नाचा भरवसा नसताना हे करू नका. एसआयपीचे वर्षाचे 84,000 तर नेमके मुलीच्या प्रवेशाच्या तोंडावर कमी पडतील. तिला हात लावायचा नाही.

मग पैसे कुठून? तुम्ही 8,000 चा हप्ता झेपेल असं धरलंच आहे. तेच 8,000 याच महिन्यापासून वेगळ्या बचत खात्यात टाका. पायांच्या जाळीवर स्क्लेरोथेरपी करतात, म्हणजे पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे शीर बंद करणारं औषध बारीक सुईने शिरेत सोडतात. एकाच भागाच्या दोन सिटिंगमध्ये साधारण चार ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, कारण बंद झालेली शीर विरायला वेळ लागतो. सहा आठवड्यांत तुमच्याकडे 12,000 जमतात. उपचारच या गतीने चालतो, त्याला कर्ज लागतच नाही. पॅकेजशिवाय एकेक सुटी सिटिंग 11,000 ला पडली आणि चारमध्ये काम झालं, तरी 44,000 होतात, पॅकेजच्या 54,000 पेक्षा कमी. किती सिटिंग लागतील हे पहिल्या दोनचा परिणाम पाहिल्याशिवाय कोणीही छातीठोक सांगू शकत नाही, म्हणून सहाचे पैसे आगाऊ देण्यात अर्थ नाही.

कोटेशनमध्ये नसलेला खर्चही धरा. 20–30 एमएमएचजी (दाब मोजायचं एकक) दाबाचे स्टॉकिंग्ज, म्हणजे पाय आवळून धरणारे लांब मोजे, मापाने घ्यावे लागतात, दोन ते चार हजार, आणि रोज वापरले की सहा महिन्यांत ढिले पडतात. आपल्या वर्णाच्या त्वचेवर इंजेक्शननंतर शिरेच्या रेषेत तपकिरी डाग राहू शकतात. बहुतेक डाग महिन्यांनी फिकटतात, काही रेंगाळतात. उन्हाळ्यात नाशकात दिवसभर स्टॉकिंग्ज सहन होत नाहीत, तेव्हा पायांचं दिवाळीनंतर सुरू करा. तोवर डॉपलर होईल आणि खात्यात काही रक्कमही जमेल. गर्भधारणा, पूर्वी झालेली रक्ताची गाठ किंवा हार्मोनच्या गोळ्या यांबद्दल डॉक्टरांना आधी सांगा.

चेहऱ्याच्या 42,000 आधी एक गोष्ट तपासा. केमिस्टकडून आणलेलं किंवा पार्लरमध्ये मिसळून दिलेलं गोरेपणाचं क्रीम महिनोनमहिने लावलंय का? त्यातल्या बेटामेथॅसोन, मोमेटॅसोन, क्लोबेटॅसॉलसारख्या स्टेरॉइडने त्वचा पातळ होते आणि अशाच लाल रेषा दिसू लागतात. क्रीम चालू ठेवून लेझर केलं तर पैसे फुकट. ते एकदम सोडलं तर चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सोडा. क्रीमचा संबंध नसेल तर मशीन कोणतं ते लिहून मागा. सावळ्या त्वचेला लाँग-पल्स 1064 नॅनोमीटर (प्रकाशलहरीची लांबी) एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित. आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत सोडणारं मशीन) किंवा 532 नॅनोमीटर लेझरचा प्रकाश त्वचेतलं रंगद्रव्यच जास्त शोषून घेतं आणि भाजल्याचे डाग पडू शकतात. एका छोट्या जागी टेस्ट शॉट घेऊन काही आठवडे थांबायला जे तयार नाहीत, त्यांच्याकडे करू नका. चेहऱ्यावरच्या रेषा पुन्हा येऊ शकतात. एखादी सिटिंग पुढेही लागेल असं धरून पायांचं संपल्यावरच चेहऱ्याला हात घाला.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखली आणि गरम लागली तर यातलं काहीही पाहत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तो खर्च खुशाल एफडीतून करा.

क्लिनिकमध्ये बुकिंगचे पैसे भरले असतील तर पावतीवर परताव्याची अट पाहा आणि ‘पॅकेज नको, डॉपलरनंतर सुटी सिटिंग ठरवू, रक्कम तिच्यात वळती करा’ असं ईमेलने कळवा. कर्जाच्या अर्जावर मोबाइलवरून ओटीपी दिला असेल तर कर्जदात्याला आजच गाठा. डिजिटल कर्जात किमान एक दिवस माघारीची मुभा असते. तेवढ्या वेळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं, प्रोसेसिंग फी मात्र काही ठिकाणी कापून घेतात.